जुळ्या बहिणीला ॲनोरेक्सिया, मला नाही. मग हे आनुवंशिक कसं काय?

दोघीतली_एक

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जुळ्या बहिणी, अगदी सेम टू सेम, एकाच बीजापासूनच्या. वय २२. गेल्या वर्षी बहिणीला ॲनोरेक्सियाचं निदान झालं. त्याआधी बरेच महिने घरात नुसतं पोटाचा प्रॉब्लेम, अभ्यासाचं टेन्शन, वय आहे असंच चाललेलं. सुरुवात कशी झाली तर कॉलेजला असताना तिला पोटाचं इन्फेक्शन झालं, दोन-तीन आठवडे जेवणच गेलं नाही, वजन उतरलं आणि बरी झाल्यावर जो तो म्हणायला लागला, अगं किती छान दिसतेस. ते वजन तिने परत येऊच दिलं नाही. आता असं झालंय की प्रत्येक घासाचे ती नखाएवढे तुकडे करते, मग ते ताटभर फिरवत बसते, बाकीच्यांचे हात धुऊन झाले तरी हिचं ताट जसंच्या तसं. आणि गंमत बघा (गंमत कसली), घरात सगळ्यांसाठी स्वयंपाक करायची हौस तिलाच, रात्र रात्र रेसिपीचे व्हिडिओ बघते. उकडत असताना स्वेटर घालून बसते. आधी लोक आमची नावं उलटसुलट करायचे, आता कुणाचीच गल्लत होत नाही.

ट्रीटमेंट सुरू आहे, त्याबद्दल प्रश्न नाहीये. प्रश्न असा की तिच्या सायकियाट्रिस्टनी मागच्या मीटिंगमध्ये सांगितलं की या आजारात जेनेटिक भाग मोठा असतो. त्या एका वाक्याने घरात नुसता गोंधळ झालाय. आई म्हणते म्हणजे माझ्याकडूनच आलं, माझी मावशी अशीच होती, आयुष्यभर अर्धपोटी. बाबा म्हणतात दोघींचे जीन्स एकच ना, मग ही का नाही पडली आजारी, म्हणजे हे सगळं मनाचं आहे, ठरवलं तर खाऊ शकते. आणि हे बहिणीने ऐकलं. रात्री मला म्हणाली, बघ ना, तुला जमतं, मलाच जमत नाही.

तर बाबांचं लॉजिक बरोबर आहे का? चूक असेल तर त्यांना सांगू काय? आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीपण विचारतेय. तिला झालं म्हणजे मला होणारच का? काही ब्लड टेस्ट वगैरे असते का जी करून एकदाचं कळेल?

मॉडरेटर_खिडकी

एकच विनंती. चर्चा जरूर करा, पण स्वतःचं किंवा घरच्यांचं वजन, बीएमआय, कॅलरीचे आकडे टाकू नका. वाचणाऱ्यांत आजारी लोकही असतात आणि त्यांच्यासाठी तो आकडा म्हणजे टार्गेट होऊन बसतो.

गुणसूत्रवाला

जेनेटिक्समध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे ट्रीटमेंटबद्दल काही बोलणार नाही. पण बाबांच्या लॉजिकबद्दल बोलता येईल.

बाबांचा प्रश्न एकदम रास्त आहे, उत्तर मात्र उलटं काढलंय त्यांनी. एकसारख्या जुळ्यांत एकीला आजार आणि दुसरीला नाही, यावरून एवढंच सिद्ध होतं की जीन्स म्हणजे सगळं काही नाही. जीन्सचा काहीच हात नाही, हे त्यातून निघत नाही. ते बघायचं तर एकसारख्या जुळ्यांची तुलना साध्या जुळ्यांशी करावी लागते, ज्यांचे जीन्स सख्ख्या भावंडांइतकेच जुळतात, साधारण निम्मे. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. तरी एकसारख्यांत आजाराची जोडी जास्त वेळा दिसत असेल तर जीन्सचा वाटा आहे असं म्हणायला जागा होते. लंडनच्या डॉक्टरांनी १९८८ साली ४५ जोड्यांचा असा अभ्यास छापला होता. एकसारख्या जुळ्यांत ५६ टक्के जोड्यांमध्ये दोघींना ॲनोरेक्सिया होता, साध्या जुळ्यांत ५ टक्के. आता हे सॅम्पल चिमुकलं आहे, आणि हॉस्पिटलपर्यंत पोचलेल्या लोकांचं आहे, तिथे दोघी आजारी असलेल्या जोड्या जरा जास्तच सापडतात, त्यामुळे तो ५६ चा आकडा जसाच्या तसा धरू नका. पण त्या अभ्यासातही एकसारख्या जोड्यांपैकी ४४ टक्के तुमच्यासारख्याच होत्या, एक आजारी आणि एक नाही. बाबांना हे दाखवा. तुमच्या घरात घडलंय ते काही जगावेगळं नाहीये.

पुढे २००६ मध्ये स्वीडनच्या जुळ्यांच्या रजिस्टरवर मोठं काम झालं, ३१ हजारांवर माणसं, तिथे ॲनोरेक्सियाची हेरिटेबिलिटी आली ५६ टक्के. हो, पुन्हा ५६. हा निव्वळ योगायोग आहे आणि लोक इथेच फसतात, कारण दोन आकडे पूर्ण वेगळ्या गोष्टींचे आहेत. हेरिटेबिलिटी ५६ म्हणजे तुझ्या बहिणीचा आजार ५६ टक्के जीन्समुळे आणि ४४ टक्के त्या इन्फेक्शनमुळे, असं नाही. तुला ५६ टक्के चान्स आहे असंही नाही. हा आकडा एका माणसाचा नसतोच मुळी. एखाद्या समाजात लोकालोकांमध्ये जो फरक दिसतो, कुणाला आजार होतो कुणाला नाही, त्या फरकातला किती भाग जीन्सच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. उद्या सगळ्यांना तंतोतंत सारखं वातावरण मिळालं तर हेरिटेबिलिटी वर जाईल, आणि कुणाच्याही जीन्समध्ये काडीचा बदल झालेला नसेल. बाकीच्या अभ्यासांत हा आकडा तिसापासून सत्तरच्या वरपर्यंत कुठेही आलेला आहे, त्यामुळे पेपरात "निम्मं आनुवंशिक" असं वाचलं की मला जरा धास्तीच वाटते.

टेस्टचं थोडक्यात सांगतो. नाही. अशी टेस्ट नाही, आणि कुणी ऑनलाइन विकत असेल तर घेऊ नका. एक जीन बिघडला आणि आजार झाला असा हा प्रकार नाहीये. नव्वदच्या दशकात आणि नंतरही लोकांनी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या रिसेप्टरचा जीन वगैरे एकेक उमेदवार धरून भरपूर पेपर छापले, पुढे मोठ्या सॅम्पलमध्ये त्यातलं फारसं काही टिकलं नाही. मग अख्खा जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, चाळून कुठल्या जागेवरचा फरक आजाराशी जुळतो ते बघायची पद्धत आली. २०१७ मध्ये १२ व्या क्रोमोझोमवर पहिली खात्रीची जागा सापडली, २०१९ मध्ये १६,९९२ पेशंट आणि ५५,५२५ निरोगी लोक घेऊन केलेल्या अभ्यासात ८ जागा. एकेका जागेचा परिणाम एवढासा. अशा शेकडो, कदाचित हजारो जागा मिळून कल तयार होतो, आणि त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगणं आजतरी कुणालाच शक्य नाही. शिवाय तुम्ही दोघी एकसारख्या, म्हणजे अशा टेस्टमध्ये तुझं उत्तर तिच्यासारखंच येणार. ती आजारी, तू नाही, आणि रिपोर्ट मात्र एक. मग त्यातून तुला कळणार काय?

त्या २०१९ च्या पेपरमधली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. ॲनोरेक्सियाचा जेनेटिक कल एकीकडे ओसीडी (मंत्रचळ), डिप्रेशन, अँग्झायटी यांच्याशी जुळतो, ते अपेक्षितच होतं. पण दुसरीकडे तो मेटाबॉलिझमशी जुळतो, इन्सुलिन, चरबी, कोलेस्टेरॉल, आणि शरीराची हालचाल करत राहायची सवय यांच्याशी. म्हणजे नुसता मनाचा आजार म्हणून सोडून द्यायची सोय राहिली नाही. बाबांच्या "हे सगळं मनाचं" ला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

स्पष्टवक्ता_सातवा

मला हे जीन्स प्रकरण पटत नाही, सॉरी. काही झालं की जीन्स. आपल्या आजीच्या पिढीत कुणी ऐकला होता हा आजार? दोन पिढ्यांत जीन्स बदलले का माणसांचे? बदललंय काय तर स्क्रीन, फिल्टर, डाएट, जिम. फिजीचा अभ्यास वाचा. १९९५ ला तिथल्या एका भागात टीव्ही आला, तेव्हा शाळकरी मुलींमध्ये वजनासाठी उलटी काढणारी एकही सापडली नव्हती, १९९८ ला ११ टक्क्यांवर मुली तसं करत असल्याचं सांगत होत्या. तीन वर्षांत. जीन्सनी केलं का हे? जीन्स म्हटलं की इंडस्ट्री सुटली, सोशल मीडिया सुटलं, आणि "किती छान दिसतेस" म्हणणारे नातेवाईकपण सुटले.

गुणसूत्रवाला

@स्पष्टवक्ता_सातवा फिजीचा मुद्दा चांगला आहे, मी स्वतःही तो अभ्यास देतो लोकांना. पण त्याचाच पुढचा प्रश्न विचारा ना. टीव्ही सगळ्या मुलींनी पाहिला, मग ११ टक्केच का? उरलेल्या ८९ टक्के मुलींनी वेगळा टीव्ही पाहिला का? आणि तिथे मोजली ती लक्षणं होती, त्यातल्या प्रत्येकीला पूर्ण आजार झाला असं कुणी म्हटलेलं नाही.

वातावरण बदललं की आधी कधी डाएट न केलेले लोक डाएट करायला लागतात. त्यातले बहुतेक आठवड्याभरात कंटाळून सोडून देतात. थोडे अडकतात. कोण अडकतं, तिथे जीन्स येतात. त्यासाठी ते बदलायला लागत नाहीत, होते तेच पुरतात. आणि आजीच्या पिढीचं म्हणाल तर लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या लासेग या डॉक्टरांनी हा आजार १८७३ च्या सुमारासच लिहून ठेवलाय. तेव्हा टीव्ही नव्हता, जिम नव्हती, आणि त्यांच्या वर्णनातल्या मुली आजच्या पेशंटसारख्याच वाटतात, खात नाहीत, हाडं दिसतात आणि तरी दिवसभर पायाला भिंगरी.

मुलाची_आई

वरची चर्चा वाचली, मला त्यातलं अर्धं कळलं, पण दोघीतली_एक, तुझ्या आईसाठी लिहायलाच हवं म्हणून लिहितेय.

माझ्या मुलाला झालाय हा आजार. हो, मुलाला. मुलांना होतो हे आधी मलाही माहीत नव्हतं, आणि आमच्या आधीच्या डॉक्टरांनाही ते सुचलं नाही, फार वेळ गेला त्यात, थायरॉइड झालं, पोटाची दुर्बीण झाली. शेवटी ज्या डॉक्टरकडे पोचलो त्यांनी पहिल्या भेटीत मोठा कागद घेतला आणि घराण्याचा नकाशा काढायला बसले. मला वाटलं विचारतील घरात बारीक कोण आहे. ते त्यांनी शेवटी विचारलं. आधी विचारलं काळजी करणारं कोण आहे, कुलूप दहादा ओढून बघणारं कोण आहे, एक मार्क गेला म्हणून रात्रभर रडलेलं कोण, डिप्रेशनची गोळी कुणाला चालू होती, दारू कुणाला सुटली नाही. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो, कारण कागद भरत चालला होता, दोन्ही बाजूंनी. नवऱ्याच्या एका बहिणीला सगळे आयुष्यभर "नाजूक प्रकृतीची" म्हणत आलेत. ती नाजूक नव्हती गं, ती खातच नव्हती, आणि त्याला काय म्हणतात हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मग डॉक्टर म्हणाले, हे तुमच्याकडून आलंय म्हणजे तुमची चूक आहे असं नाही, डोळ्यांचा रंग दिला म्हणून आईबापाला कुणी दोष देतं का. मला त्या दिवशी किती सुटल्यासारखं वाटलं ते सांगता येणार नाही, कारण तोपर्यंत प्रत्येकाने मला तेच ऐकवलं होतं, तू लाड केलेस, तू दबाव टाकलास, तू स्वतः डाएट करायचीस. आईला सांग, जीन्स कुणी निवडून देत नाही. आणि मावशीचं त्यांना आठवलं ते उत्तमच झालं, ते डॉक्टरांना जाऊन सांगा, फाइलमध्ये लिहू दे.

आणखी एक. आमची जी ट्रीटमेंट झाली त्यात आईबापांनाच जेवणाची सूत्रं हातात घ्यायला लावतात सुरुवातीला, काय वाढायचं, किती वाढायचं हे मुलगा ठरवत नाही, आपण ठरवतो, आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसून राहतो, तो ओरडला, रडला, ताट ढकललं तरी. ही पद्धत लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात सुरू झाली असं आम्हाला सांगितलं. जेनेटिक आहे म्हणून हात टेकायचे असं कुणीच आम्हाला म्हणालं नाही, उलट म्हणाले की त्याच्या मेंदूत आत्ता "खा" म्हणणारा आवाजच उरलेला नाही, तो आवाज काही दिवस तुम्ही व्हा. तुझी बहीण २२ ची आहे, तिच्यासाठी वेगळ्या पद्धती असतील, ते तिची टीम सांगेल. पण बाबांना सांग, ठरवून खाता आलं असतं तर माझा पोरगा पहिल्या दिवशीच जेवला असता, इतका तो घाबरला होता स्वतःलाच.

स्पष्टवक्ता_सातवा

@मुलाची_आई तुमच्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पण माझा मुद्दा तसाच आहे, जीन्स आपल्या हातात नाहीत, वातावरण आहे. मग बोलायचं कशावर?

रात्रीची_पाळी

इथे सगळे ॲनोरेक्सियावरच बोलताहेत, नेहमीसारखं. मला बिंज ईटिंग आहे. बारीक पोरीला आजार म्हणतात, आम्हाला हावरट म्हणतात, एवढाच फरक. घरचे झोपले की किचनमध्ये उभ्या उभ्या, चव न कळता, पोट दुखेपर्यंत खाणं आणि मग रिकामी पाकिटं शेजारच्यांच्या कचऱ्यात नेऊन टाकणं, याला कंट्रोल नाही म्हणतात म्हणे. अरे कंट्रोलच नाही हेच तर लक्षण आहे.

जेनेटिक म्हणाल तर बिंज ईटिंगची हेरिटेबिलिटीपण चाळीस टक्क्यांच्या आसपास देतात, आणि त्याला स्वतंत्र आजार म्हणून डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) जागा मिळाली थेट २०१३ ला, म्हणजे रिसर्चपण उशिरा. २०२३ ला एक मोठा जीनोम अभ्यास आला, त्यात तीन जागा सापडल्या, त्यातली एक शरीरात लोह किती शोषलं जातं ते सांभाळणाऱ्या एचएफई जीनजवळ. लोहाचा बिंजशी काय संबंध ते अजून कोडंच आहे, उगाच कुणी लोहाच्या गोळ्या सुरू किंवा बंद करू नका या वाक्यावरून. पण मला वाचून बरं वाटलं. माझ्या बाबांचंही असंच आहे, आम्ही दोघं एकमेकांपासून लपून खातो आणि दोघांनाही ते माहीत आहे.

ओपीडीतून

मी सायकियाट्रीत काम करते. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण दोघीतली_एकच्या स्वतःबद्दलच्या प्रश्नाला अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही.

तुला होणारच का? नाही. तुझा धोका इतरांपेक्षा जास्त आहे का? हो, आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रक्ताच्या नात्यातल्या बायकांबद्दलचा २००० सालचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो, की ॲनोरेक्सिया असलेल्या बाईच्या आई-बहिणी-मुलींना तो होण्याचं प्रमाण इतरांच्या ११ पट असतं. ऐकून पोटात गोळा येतो. पण त्याच अभ्यासात प्रत्यक्ष आकडा होता १०० नातेवाईक बायकांत तीन-चार, कारण मुळात तुलनेच्या गटात तो १०० मध्ये एकपण नव्हता. एकसारख्या जुळीचा धोका साध्या बहिणीपेक्षा जास्त धरायला हवा, तरीही. आणि हा आजार बहुतेकदा वयात येताना किंवा विशीच्या सुरुवातीला सुरू होतो. मिशिगनच्या केली क्लम्प आणि त्यांच्या टीमने जुळ्या मुलींवर केलेल्या कामात तर वयात येण्याआधी खाण्याच्या लक्षणांवर जीन्सचा परिणाम जवळपास दिसतच नाही आणि त्यानंतर एकदम दिसायला लागतो, बहुधा हार्मोन्समुळे. तू २२ ची आहेस, म्हणजे सगळ्यात नाजूक काळाचा बराचसा भाग मागे पडलाय. संपलेला नाही.

आता तुझ्या पोस्टमधलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, ते पोटाच्या इन्फेक्शनचं. जुळ्यांच्या अभ्यासांत एक गोष्ट बऱ्याचदा येते की दोघींना सामाईक असलेलं घर, तेच आईवडील, तेच संस्कार, याचा वाटा फारसा दिसत नाही, आणि एकीलाच आलेले अनुभव जास्त वजनदार ठरतात. एक आजारपण, एकीनेच धरलेला खेळ, एकीलाच कुणी मारलेला शेरा. त्यातही वजन उतरणं हे स्वतःच एक कारण असू शकतं असं आमच्यातल्या अनेकांचं मत होत चाललंय, मग ते डाएटने उतरो की तापाने. साध्या माणसाची उपासमार झाली तर काय होतं ते १९४४-४५ च्या मिनेसोटाच्या प्रयोगात दिसलं. ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले आणि हळूहळू दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागले, रेसिपीची पुस्तकं वाचायला लागले, ताटाशी खेळत तासभर एक जेवण पुरवायला लागले. ओळखीचं वाटतंय ना? तुझ्या बहिणीचा स्वयंपाक आणि ते व्हिडिओ, त्यातला बराचसा भाग उपासमारीचा आहे, तिच्या स्वभावाचा नाही. फरक एवढाच की त्या तरुणांना उपासमारीत चिडचिड आणि उदासी यायची, खायला मिळेपर्यंत ते दिवस मोजायचे. ॲनोरेक्सियाच्या कितीतरी पेशंट सांगतात की खाल्लं नाही की डोक्यातला गोंगाट थांबतो, शांत वाटतं. मला वाटतं जीन्सचा हात बहुधा इथे कुठेतरी आहे, रिकाम्या पोटाला शरीर आणि मेंदू काय उत्तर देतात त्यात. अजून हे सिद्ध झालेलं नाही, पण २०१९ चे मेटाबॉलिझमचे निकाल त्या दिशेला बोट दाखवतात.

@स्पष्टवक्ता_सातवा तुम्ही विचारलंत ना, मग बोलायचं कशावर. यावरच. ज्या घरात हा कल आहे तिथे "थोडं वजन उतरव" हे वाक्यच घरातून हद्दपार करायचं. हे वातावरणच झालं की. पण कुणाच्या बाबतीत त्याची जास्त गरज आहे ते जीन्सवरून, म्हणजे घराण्याच्या नकाशावरून कळतं.

म्हणून दोघीतली_एक, तुझ्यासाठी. डाएट तुझ्यासाठी नाही, कुठलंच नाही, मैत्रिणींबरोबर गंमत म्हणूनही नाही, उपासही नाही. आजारपणात किंवा परीक्षेच्या धावपळीत वजन उतरलं तर ते भरून काढायचं, कुणी कितीही कौतुक केलं तरी. कुणी तसं कौतुक केलंच तर तिथल्या तिथे विषय बदल. काळजी करायचा स्वभाव असेल तर त्याच्यावर आत्ताच मदत घे, तो पुढे दुसऱ्या कुठल्यातरी रूपात बाहेर येतो. पाळी चुकायला लागली, थंडी जास्त वाजायला लागली, जेवण टाळण्यासाठी कारणं सुचायला लागली, किंवा खाल्लं नाही की छान वाटतंय असं लक्षात आलं, विशेषतः हे शेवटचं, तर वजन नॉर्मल असलं तरी लगेच दाखव. वजन नॉर्मल असतानाही हा आजार असू शकतो आणि तितकाच धोकादायक असतो. आणि कुणाला चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, उलट्या चालू असतील तर ओपीडीची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला घरच्या घरी एकदम भरपूर खायला घालणंही नको, रक्तातलं फॉस्फेट एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

दोघीतली_एक

बाप रे, एवढं सगळं. थँक यू सगळ्यांना. आईला मुलाची_आईंची पोस्ट वाचून दाखवली, ती काही बोलली नाही पण तिने मावशीचा एक जुना फोटो काढून ठेवलाय डॉक्टरांना दाखवायला. बाबांना १९८८ चा आकडा दाखवला, ते म्हणाले सॅम्पल लहान आहे 😄 निदान वाद आकड्यांवर तरी आला.

@ओपीडीतून खाल्लं नाही की छान वाटतं का, ते मी स्वतःला विचारून बघितलं. नाही वाटत. मला भूक लागली की मी माणसं खाते, घरात सगळ्यांना माहितीये. म्हणजे जीन्स सेम असून हे वेगळं कसं?

आणि बहिणीला हे सांगू का? "तुझ्यात जीन्समुळे आहे" असं ऐकून ती अजून हात टेकेल अशी भीती वाटते.

गुणसूत्रवाला

पहिल्याचं उत्तर कुणाकडेच पूर्ण नाहीये. जीन्स एक असले तरी कुठला जीन कुठल्या पेशीत किती चालू राहील हे आयुष्यभर बदलत असतं, आणि बराच काळ उपाशी राहिल्यानेही ते बदलतं. त्यामुळे तुमच्यातला आत्ताचा फरक आजाराआधीपासून होता की आजाराने केला, हे आता मागे जाऊन शोधता येत नाही. म्हणूनच तुमच्यासारख्या जोड्या रिसर्चवाल्यांना सोन्यासारख्या. बहीण बरी झाली आणि दोघींची इच्छा असली तर जुळ्यांच्या किंवा ईटिंग डिसऑर्डरच्या एखाद्या जेनेटिक अभ्यासात थुंकीचं सॅम्पल देता येतं, हजारो लोकांनी दिलं म्हणून तर त्या आठ जागा सापडल्या. पण आत्ता नको, आत्ता तिला जेवू दे.

ओपीडीतून

सांग, पण टक्केवारी सांगू नकोस. माझ्याकडे "जेनेटिक आहे" ऐकून रडलेल्या पेशंट आहेत, सुटकेने रडलेल्या आणि निराशेनेही, आणि कोण कुठल्या बाजूला जाईल ते आधी कळत नाही. म्हणून हे तिच्या थेरपिस्टसमोर, तिच्या सेशनमध्ये निघालेलं बरं, आणि आधी त्यांना विचारून. तू तुझ्यापुरतं तिच्या त्या वाक्याला उत्तर दे. तुला जमतं, मला जमत नाही, असं म्हणाली ना ती? तिला सांग की तुला काहीच जमवावं लागत नाही, तुला भूक लागते आणि तू जेवतेस, त्यात तुझं कर्तृत्व शून्य. तिला मात्र प्रत्येक घासाला ते करावं लागतंय. आणि पुढच्या मीटिंगला बाबांनापण घेऊन जा, सॅम्पल साइजवर बोलायला मला असे लोक आवडतात, तिच्या डॉक्टरांनाही आवडतील.